सणाला गाव विचारणाऱ्या बाई

आमच्या बाई सणालासुद्धा गाव विचारायच्या. कोल्हापुरात दारात अनोळखी माणूस उभा राहिला की आपण काय म्हणतो? "पावणं, गाव कंचं?" नाव मागाहून, काम त्याच्याही मागाहून. बाईंचं सणांच्या बाबतीत अगदी तसंच होतं. दसरा असो, मोहरम असो, नाताळ असो, वर्गात पाऊल टाकल्याटाकल्या प्रश्न यायचा, "हा पाहुणा कुठल्या गावचा? कुठल्या वाटेनं आला? आपल्याकडे यायच्या आधी कुणाकडे उतरला होता?" आम्ही पोरी एकमेकींची तोंडं बघायचो. सण म्हणजे सुट्टी आणि पुरणपोळी. त्याला गाव असतं हे आमच्या घरात कुणी कधी सांगितलं नव्हतं.

बाई मिशनच्या शाळेत इतिहास शिकवायच्या. जातीनं म्हणा, धर्मानं म्हणा, ख्रिस्ती. लग्न केलेलं नव्हतं. राजारामपुरीत आमच्या डेअरीला लागून त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि सकाळचं दूध आमच्याकडूनच जायचं. उंचीनं जेमतेम दुधाच्या कॅनएवढ्या, पण आवाज असा की गल्लीच्या तोंडाला उभ्या असलेल्या रिक्षावाल्यानं सावरून बसावं. मला त्यांनी तीन वर्षं शिकवलं आणि इतिहासात मी कशीबशी तरले. पुढे लग्न झालं ते गल्लीतच, आणि वडिलांच्या जागी डेअरीच्या गल्ल्यावर मीच बसायला लागले. मग बाईंचं आणि माझं नातं शेजारणींचं झालं, तरी दुधाचं भांडं पुढे करताना त्यांनी मला प्रश्न विचारायचं काही सोडलं नाही.

भाद्रपद लागला की बाईंच्या अंगात यायचं, हे मी आपलं माझ्या भाषेत सांगते. बाईंना हा शब्द मुळीच आवडला नसता. पण ते खरं होतं. पितृपक्षापासून नोव्हेंबर सुरू होईपर्यंत त्यांना चैन पडत नसे. मिशन सोडून मायदेशी गेलेल्या मडमांनी ठेवलेली जाडजूड पुस्तकं बाहेर निघायची, आणि सकाळी दूध घ्यायला आल्या की रात्री वाचलेलं माझ्या डोक्यावर ओतायच्या. "सप्टेंबर संपता संपता मायकेल देवदूताचा सण यायचा. इंग्लंडात त्या दिवशी शेतीचं वर्ष संपायचं. जुने गडी जायचे, नवे ठरायचे, आणि घरोघर बदक शिजायचं."

"म्हंजे आमचा दसराच की हो बाई," मी म्हटलं.

"तो 'च' कुठून काढलास? सारखं आहे म्हण. तेच आहे म्हणू नकोस. सारखं असणं वेगळं आणि नातं असणं वेगळं. तुझं नाक मधुबालेसारखं आहे म्हणून ती तुझी आत्या होते का?" माझं नाक कुणासारखं आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. पण तेव्हापासून 'सारखं' आणि 'नातं' हे दोन शब्द मी जपून वापरते.

सर्व संतांच्या सणाची गोष्ट त्यांनी मला इतक्यांदा सांगितली की झोपेत विचारा, सांगेन. हा सण आधी रोममध्ये मे महिन्यात असायचा. मग हजार-बाराशे वर्षांमागे तो उचलून नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला आणला. का आणला? जुन्या काळचा एक लिहिणारा म्हणतो, उन्हाळ्यात एवढे यात्रेकरू यायचे की रोमला धान्य पुरायचं नाही, सुगीनंतर पुरायचं. मी म्हटलं, "बाई, जोतिबाला चैत्रात डोंगरावर पाण्याचे हाल हुत्यात म्हणून कुणी यात्रा दिवाळीत न्हेली का? लोक तांब्या घेऊन चढत्यात की." बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "शाब्बास! हीच शंका घ्यायला पाहिजे." काहीजण म्हणत की आयर्लंडातले जुने लोक त्याच सुमाराला गुरं डोंगरावरून खाली आणत, मेलेली माणसं त्या रात्री घराकडे येतात असं मानत, आणि चर्चनं तारीख त्यांच्याकडून उचलली. त्यावर बाईंचं ठरलेलं उत्तर होतं, "असेलही. पण छातीठोकपणे सांगणाऱ्याला मी नापास करीन. पुरावा पातळ आहे."

दुसरी एक सवय सांगायला हवी. बाईंना न सांगता गेलेलं खपत नसे. वर्ग सुटला की प्रत्येक पोरीनं दारात थांबून "येते बाई" म्हणायचं. गडबडीत कुणी निसटली तर जिन्यावरून परत बोलवायच्या. रविवारी चर्चमध्ये त्या लहान मुलांची शब्बाथ शाळा घ्यायच्या, तिथेही तोच कायदा. "माणसानं सांगून जावं," त्या म्हणायच्या, "आणि जाणाऱ्याशी बोलावं." आम्हाला वाटायचं, शिस्त. मास्तरकीचं खूळ, दुसरं काय?

त्यांच्या शब्बाथ शाळेतला एक मुलगा पुढे शिकून-सवरून त्याच चर्चचा पाळक झाला. पाळक म्हणजे ख्रिस्ती लोकांचा धर्मगुरू. तसा सज्जन माणूस, आवाजही गोड, पण नियमाला कडक. बाईंना त्याचा भारी अभिमान. चर्चमध्ये सुगीचा सण असायचा तेव्हा बाई मला हटकून घेऊन जायच्या. वेदीपुढे उसाच्या मोळ्या, भाताच्या लोंब्या, केळीचे घड, आणि मध्ये बाईंच्या परड्यातला लाल भोपळा. मी म्हटलं, हे तर आमच्या देवापुढं मांडतो तसंच... सारखं. 'सारखं' वेळेवर आठवलं. बाई कानाशी लागून म्हणाल्या, "हा पाहुणा फार जुना नाही बरं. इंग्लंडातल्या एका खेड्यातल्या पाद्र्यानं दीडशे वर्षांमागे हा असा सुरू केला. धान्य घरात आल्यावर देवाचे उपकार मानायची बुद्धी मात्र त्याच्याआधीची आहे." निघताना तो पाळक दारात उभा होता. एवढा झगा घातलेला बाप्या, पण बाई बाहेर पडताना सवयीनं तोच म्हणाला, "येतो बाई." मग जीभ चावली आणि हसला, कारण जात बाई होत्या.

आमच्या घरी पितृपक्षात म्हाळ असायचा. आमच्याकडे श्राद्धाच्या जेवणाला म्हाळ म्हणतात. खीर, वडे, गवारी, भोपळ्याची भाजी. आधी पान कौलावर, कावळ्याला. कावळा शिवला की मग माणसं जेवायची. बाई आमच्या दिवाळीचा फराळ आवडीनं खायच्या, बेंदराची पोळी खायच्या, पण म्हाळाचं ताट कधी घेतलं नाही. मेलेल्यांच्या नावानं ठेवलेलं त्यांच्यात चालत नाही. माझे वडील दरवर्षी कंपाउंडावरून हाक मारायचे, "बाई, या की जेवायला. येवढं रांधलंय, त्ये काय आमच्या आज्ज्याला येकट्याला सरतंय व्हय?" बाई हसून नाही म्हणायच्या. मात्र वडील तोंड वर करून "काव काव" करायला लागले की बाई आत जायच्या आणि दार लावून घ्यायच्या. भर दुपारी, उकाड्यात, दार बंद. मला वाटायचं, पुस्तकी बाई, त्यांना हे अडाणीपणाचं वाटत असणार.

मग नव्वदच्या दशकात माझी आई गेली. दहाव्याला आम्ही पंचगंगेवर गेलो. बाईही आल्या, पण घाटाच्या वरच्या पायरीवर छत्री धरून लांब उभ्या राहिल्या. पिंड मांडला आणि कावळा काही शिवेना. झाडावर ही गर्दी, खाली एक उतरेना. ज्याला जे सुचेल ते तो बोलायला लागला. वडील बोलले, भाऊ बोलला. शेवटी कुणीतरी मला पुढे ढकललं. मी पिंडाजवळ बसले आणि रडत म्हटलं, "आई, धाकटीचं लगीन मी करून देतो. तू जा आता." आणि कावळा उतरला. आता कुणी म्हणेल, भूक लागली होती म्हणून उतरला. म्हणू दे. मी वळून बघितलं तर बाईंच्या हातातली छत्री खाली पडली होती आणि त्या नदीकडे पाठ करून भराभर पायऱ्या चढत होत्या. न सांगता गेल्या. बाई, न सांगता!

त्याच संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या, माझ्यापुढे बसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्यावर रागावून नाही गेले. मला बघवलं नाही." आणि मग सांगितलं. इतकी वर्षं शेजारी राहून हे मला ठाऊक नव्हतं.

बाईंचं मूळ गाव कबनूर, इचलकरंजीला चिकटलेलं. घर विणकरांचं, मागावर बसणारं. वडील एकदा फार आजारी पडले, मिशनच्या दवाखान्यात वाचले, तिथेच कंपाउंडर म्हणून राहिले आणि ख्रिस्ती झाले. थोरली मुलगी शिकावी म्हणून तिला घेऊन आले आणि कोल्हापूरच्या बोर्डिंगात घातली. आई आली नाही. मांडीवर लहान मुलगा होता, मागं सासरचे देव होते. ती कबनूरला राहिली. पण दर दिवाळीला पदरात फराळाचं बोचकं बांधून ती कोल्हापूरला यायची आणि बोर्डिंगच्या फाटकाबाहेर चिंचेखाली बसायची. आत पाऊल टाकायची नाही. मुलीनं बाहेर यायचं, तिच्यापुढे बसून करंजी खायची. असं मुलगी मास्तरीण होईपर्यंत चाललं.

पुढे आई गेली. भावानं निरोप धाडला, बाई दहाव्याला गेल्या. तिथेही कावळा शिवेना. सगळ्यांचं सगळं बोलून झालं. मग लोक म्हणाले, हिचा जीव पोरीत अडकलाय, पोरीनं बोलावं. भाऊ काकुळतीला आला, "अक्का, बोल की गं. 'आये, मी आलोय' येवढंच म्हण. आई थांबलीया." आणि बाई बोलल्या नाहीत. मेलेल्यांशी बोलू नये, हे लहानपणापासून बोर्डिंगात शिकलेलं. शास्त्रात तसं लिहिलेलं. ओठ मिटून उभ्या राहिल्या. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक उठले. भाऊ म्हणाला, "आईला दोन शबुद बोलाय तोंड उघडंना, मग आमच्या उंबऱ्यावर पाय तरी कशाला?" तेव्हापासून बहीण-भावाचं तोंड बंद.

"मी कावळ्याला मानत नव्हते," बाई म्हणाल्या. "आजही मानत नाही. पण आई होती गं ती. तिला मी न बोलता जाऊ दिलं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाई दर भाद्रपदात पुस्तकं का उपसतात, कुठल्या पाहुण्याचं गाव शोधतात, ते कळलं. त्यांना परवानगी हवी होती. आपल्याच धर्माच्या जुन्या इतिहासात कुठेतरी, मेलेल्या माणसाशी एक शब्द बोलायला जागा होती का, ती त्या शोधत होत्या. आणि जागा सापडली होती, हेच तर दुखणं! हजारेक वर्षांमागे फ्रान्समधल्या एका मठाधिपतीनं ठरवलं की संतांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, दोन नोव्हेंबरला, सगळ्याच मृतांची आठवण करायची. संत झालेल्यांचीच नव्हे, तुमच्या-माझ्या आईबापांचीही. रोमन चर्चनं ते धरलं. कबरींवर दिवे लागायला लागले. गरीबगुरीब दारोदार जायचे, घरातल्या गेलेल्यांसाठी प्रार्थना करायचे आणि लोक त्यांच्या हातावर गोड भाकरी ठेवायचे. पण बाईंचं चर्च त्या शाखेचं नव्हे. पाचशे वर्षांमागे जर्मनीत एक साधू चर्चशी भांडला आणि त्यानं आपलं म्हणणं चर्चच्या दाराला खिळलं, म्हणजे खिळलं असं म्हणतात, ते नेमकं संतांच्या सणाच्या आदल्या दिवशी. त्या भांडणातून बाईंचं चर्च जन्मलं आणि त्यानं मृतांसाठी करायचं सगळं मोडीत काढलं.

"म्हणजे बघ," बाई म्हणायच्या, "तीन दिवसांत दार उघडलेलंही आहे आणि लावलेलंही आहे. आणि मी लावलेल्या बाजूला उभी आहे."

मी पडले अडाणी. म्हटलं, "बाई, मग सरळ त्या पोराला विचारा की. तुमचाच चेला न्हवं?" त्यांनी विचारलं. पाळकानं मान खाली घालून ऐकलं आणि नाही म्हणाला. मृतांना देवाच्या हाती सोपवलं की सोपवलं. त्यांच्यासाठी काही करणं म्हणजे त्या हातावर भरवसा नसणं. आणि कबनूरला जाऊन म्हाळाला बसणं तर बोलायलाच नको. शब्बाथ शाळा घेणाऱ्या बाईनं असं केलं तर मुलांनी काय शिकावं? तसं झालं तर प्रभुभोजनही देता येणार नाही. प्रभुभोजन म्हणजे चर्चमध्ये मंडळी मिळून भाकरी आणि द्राक्षारस घेतात ते. ज्या बाईला नवरा नाही, पोर नाही, तिला ती मंडळी हेच घर. हे घर सुटलं तर माती द्यायला तरी कोण येणार? मला त्या पाळकाचा असा संताप आला, म्हटलं उद्यापासून याच्या दुधात पाणी घालते. बाईंनीच मला दटावलं. "तो चुकीचं बोलला नाही. मीच त्याला शिकवलंय ते."

अशी वर्षं गेली. दोन हजार साल मागे पडलं, राजारामपुरीत गल्लोगल्ली क्लास निघाले, नवीन इंग्रजी शाळा निघाल्या. माझी मुलगी अशाच एका शाळेत होती. एक दिवस ऑक्टोबर सरता सरता ती काळ्या कागदाची टोपी घालून आली आणि म्हणाली, शाळेत भुतांचा सण आहे, भोपळा कोरून द्या. आगं बया! घरात अवदसा कशाला म्हणून सासूबाई ओरडायला लागल्या. बाईंनी मात्र परड्यातला भोपळा आणून दिला आणि मुलीला समोर बसवलं. "ह्या पाहुण्याला गाव विचारलंस का? आयर्लंडात सलगम कोरायचे. लोक पोटासाठी अमेरिकेला गेले, तिथे भोपळे मिळाले, म्हणून भोपळा. आणि त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ फक्त एवढाच, की उद्या संतांचा सण. भुतं मागाहून चिकटली." कोरून निघालेल्या गराच्या त्यांनी घाऱ्या तळल्या आणि गल्लीतल्या सगळ्या पोरांना वाटल्या. पोरं घाऱ्या खाऊन ओरडत पळाली. एकेकाला परत बोलावून "येतो बाई" म्हणायला लावलं. सासूबाईंनीसुद्धा दोन घाऱ्या खाल्ल्या.

त्यानंतरच्या पावसाळ्यात बाईंच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले जपा. पितृपक्ष आला. सर्वपित्री अमावस्येच्या आदल्या दिवशी दूध घ्यायला आल्या त्या भांडं पुढे न करता नुसत्या उभ्या राहिल्या.

"पुरावा मिळाला का बाई?" मी विचारलं.

"नाही. आणि आता मिळणार नाही." भांडं गल्ल्यावर ठेवलं. "काल एक गोष्ट लक्षात आली. आई फाटकाशी यायची ना, तिनं कधी कुणाला विचारलं नाही की चालतं का. तिचे देव सोडून गेलेल्या माणसांच्या दारात ती बसायची. ती यायची, बस्स. मी एवढं शिकून विचारतच राहिले. उद्या तुझी गाडी मिळेल?"

दूध पोचवून झाल्यावर आमची ओम्नी घेऊन आम्ही निघालो. कबनूरला एरवी शिरलं की कानठळ्या बसतात, मागांची खडखड जिथंतिथं. पण बाईंच्या भावाच्या शेडमधले माग त्या दिवशी बंद होते. आईसाठी तो वर्षातून एवढा एक दिवस माग बंद ठेवायचा, हे आम्हाला नंतर समजलं. अंगणात पंगत बसायच्या बेतात होती. बाई फाटकाबाहेर थांबल्या. आत जाईनात. मी कोपरानं ढोसलं तरी जाईनात. आतून एक म्हातारा पुढे आला, डोळ्यांवर जाड भिंगं, हाताचा आडोसा करून बघायला लागला.

"कोण हो पावणं? गाव कंचं?"

साऱ्या जगाच्या सणांना गाव विचारणाऱ्या बाई. त्यांनी फाटकाची कडी धरली. मग म्हणाल्या, "ह्येच."

म्हातारा जागच्या जागी उभा राहिला. मला वाटलं, आता हा शिव्या घालतोय. मी गाडीची किल्ली मुठीत धरली. त्यानं कौलाकडे हात केला आणि म्हणाला, "कावळा कवाच शिवून गेला, अक्का. तुझ्यासाठी थांबला न्हाय."

"असू दे," बाई म्हणाल्या. चपला काढल्या, फाटकातून आत आल्या, आणि कौलावरच्या त्या अर्ध्या विस्कटलेल्या पानाकडे तोंड वर करून, आयुष्यभर वर्गात वापरलेली शुद्ध भाषा सोडून, लहान पोरीसारख्या मोठ्यानं म्हणाल्या, "आये! मी आलोय गं. उशीर झाला."

भावानं भिंगं काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि विचारलं, "जेवणार न्हवं? का तुमच्यात चालत न्हाय?"

"वाढ," बाई म्हणाल्या.

जेवताना बाईंनी त्याला त्या दोन नोव्हेंबरचं सांगितलं, कबरींवरचे दिवे, दारोदारची गोड भाकरी. म्हातारा खीर ओरपत म्हणाला, "म्हंजे आमच्या सर्वपित्रीगतच हाय की." मी बाईंकडे बघितलं. आता 'च'ला पट्टी बसणार. पण बाई नुसत्या "व्हय" म्हणाल्या आणि वडा मोडायला लागल्या.

बाईंनी लपवाछपवी केली नाही. पुढच्याच रविवारी स्वतः जाऊन पाळकाला सगळं सांगितलं. त्यानं शब्बाथ शाळा काढून घेतली आणि प्रभुभोजनाच्या वेळी बाई शेवटच्या बाकावर हात जोडून बसून राहिल्या. मी म्हटलं, असलं चर्च सोडा की. तर म्हणाल्या, "घर असं सोडतात होय? रागावलेत, बोलतील." दोन नोव्हेंबरला त्या ख्रिस्ती दफनभूमीत गेल्या, वडिलांच्या कबरीवर मेणबत्ती लावली. बरोबर भाऊ होता. वारं सुटलं होतं, मेणबत्ती टिकेना, म्हणून त्यानं पिशवीतून पणती काढली. त्यानं ती घरूनच आणली होती.

डिसेंबरात बाईंना दवाखान्यात ठेवलं. पाळक भेटायला आला, खांद्याला पिशवी, पिशवीत प्रभुभोजनाची भाकरी आणि पेला. मी उशाशीच होते. त्यानं हळू आवाजात विचारलं, "बाई, चुकलं असं वाटतं का?"

बाई म्हणाल्या, "उशीर झाला असं वाटतं. चुकलं असं नाही."

तो कितीतरी वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसला. पिशवी उघडली नाही. "पुढच्या रविवारी बघू," म्हणाला आणि उठला. दारात थबकला, पण गोंधळात काही न बोलताच गेला. बाईंनी त्याच्या पाठीकडे बघितलं, हाक मात्र मारली नाही. तो रविवार बाईंना मिळाला नाही.

माती द्यायला कोण येणार, ही भीती फुकट होती. शाळेच्या जुन्या पोरी आल्या, गल्लीतले रिक्षावाले आले, माझे वडील काठी टेकत आले. मंडळीतले एक जण धोतर-टोपीतल्या म्हाताऱ्याला म्हणाले, "आपण कोण? कुठले?" तो म्हणाला, "कबनूर. अक्काचं बी त्येच." पाळकानं शास्त्रातलं वाचलं, गीत झालं, पेटी खाली गेली. ज्यानं त्यानं मूठ-मूठ माती टाकली. म्हाताऱ्याची पाळी आली तसा तो खड्ड्याच्या काठाशी बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अक्का, मी आलोय गं. थांबायचं काम न्हाय आता. जा." मंडळी पाळकाकडे बघायला लागली. पाळक हातातल्या पुस्तकाकडे बघत राहिला.

लोक पांगले. मी म्हाताऱ्याला हात देऊन उठवत होते, म्हणून मागे राहिले. पाळकानं पुस्तक मिटलं, झग्याची माती झटकली आणि निघाला. चार पावलं गेला असेल, तसा थांबला. परत आला. मुलांनी जिन्यावरून परत यायचं तसा, मान खाली घालून, कबरीच्या पायथ्याशी उभा राहिला. आणि अगदी हळू म्हणाला, "येतो, बाई."